सोन्याची शिट्टी आणि माझी पाणबुडी

मी आजवर समुद्राच्या पोटात शिरून सदतीस जहाजांचा पाठलाग केला आहे, आणि त्यासाठी मला एकदाही बदलापूर सोडावं लागलेलं नाही.

सगळा पाठलाग कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या टेबलावर, ऋताच्या जुन्या लॅपटॉपवर झाला. ऋता म्हणजे माझी मुलगी. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून मी गेल्या वर्षी रिटायर झालो आणि पहिल्याच महिन्यात घरातले नळ, कड्या, कुकरची हँडलं, शेजाऱ्यांची बेल, जे जे म्हणून आवळता येईल ते आवळून टाकलं. बसवेचना हो! सकाळपासून हॉल ते गॅलरी, गॅलरी ते फ्रिज, फ्रिज उघड, बंद कर, परत गॅलरी. शेवटी नंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, मुलीला म्हणाल्या, "ह्यांना कशात तरी अडकव गं बाई. नाहीतर उद्या पाना घेऊन माझे गुडघे आवळतील!"

मग ऋताने मला तो पाणबुडीचा खेळ लावून दिला. आता हा खेळ म्हणजे धडाधड गोळ्या झाडायचा पोरखेळ नव्हे, बरं का. पाणबुडी पाण्याखाली असते, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. कानाला हेडफोन लावायचे, एक चाक हळूहळू फिरवायचं, आणि जहाजाच्या पंख्याची घरघर ज्या दिशेला सगळ्यात मोठी ऐकू येते तो अंश लिहून घ्यायचा. ह्याला बेअरिंग म्हणतात. (आमच्या कंपनीत बेअरिंग मोटरीत असायचं आणि ते नेहमी गेलेलं असायचं.) कागदावर त्या दिशेने रेघ मारायची. थोड्या वेळाने परत ऐकायचं, परत रेघ. अशा चार-पाच रेघा जुळवल्या की जहाज कुठे आहे, कुठे चाललंय, किती वेगाने चाललंय, सगळं न बघता कळतं! मी ऋताची शाळेतली कंपासपेटी माळ्यावरून काढली आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठी रेघांनी भरून टाकल्या. सदतीसपैकी बुडवलं मात्र एकच जहाज, आणि ते आपल्याच बाजूचं निघालं, पण तो मुद्दा वेगळा.

अशात विजूताईचा फोन आला.

विजूताई माझी थोरली बहीण. उल्हासनगरला, चार नंबरच्या कॅम्पात राहते. दोन वर्षांपूर्वी अरुणभाऊजी गेले, मुलगा पुण्याला, घरात ती आणि तिचा सोन्या. सोन्या म्हणजे कॉकटेल पक्षी. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या, लग्नाला निघाल्यासारखा. भाऊजींना सवय होती. संध्याकाळी सातला स्कूटर लावली की खालूनच शिट्टी मारायचे, दोन आखूड आणि एक लांब, शेवटी वर चढणारी. शिट्टी ऐकली की ताई चहा टाकायची. सोन्याने ती शिट्टी उचलली. भाऊजी गेले, पण शिट्टी राहिली. अजूनही रोज सातच्या सुमाराला सोन्या शिट्टी वाजवतो आणि ताई चहा टाकते. एकच कप असतो आता, पण टाकते.

ताईला मुलाच्या वास्तुशांतीला आठ दिवस पुण्याला जायचं होतं आणि सोन्याला प्रवास सोसत नाही. ती पिंजरा घेऊन स्वतः आली. सोबत दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद. बाजरी किती, पाणी कधी, रोज अर्धा तास पिंजऱ्याबाहेर सोडायचं, पण "दारं-खिडक्या बंद करून" ह्याखाली तीन रेघा.

"सुधीर," जाताना ती दारात थांबली. "हा गेला ना, तर मला ह्यांचा आवाज कुठेच ऐकायला मिळणार नाही. एक व्हिडिओसुद्धा नाही रे माझ्याकडे."

"ताई, अगं, एकतीस वर्षं रिअ‍ॅक्टर सांभाळले मी! पक्षी काय घेऊन बसलीस?"

नंदाने तेव्हाच कपाळाला हात लावला होता. मला वाटलं डोकं दुखतंय.

सात दिवस उत्तम गेले. पिंजरा माझ्या टेबलाशेजारी. मी समुद्राखाली, सोन्या स्टुलावर. संध्याकाळी सातला तो शिट्टी वाजवायचा, मी उत्तर द्यायचो. हळूहळू मला ती इतकी हुबेहूब जमायला लागली की एकदा सोन्यानेच मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

आठवा दिवस रविवार. ताई संध्याकाळी पाचपर्यंत येणार होती. दुपारी जेवणं आटोपून नंदा आणि ऋता भाजी आणायला गेल्या. मी कागदावर लिहिल्याप्रमाणे सोन्याला पिंजऱ्याबाहेर सोडलं. आणि नेमका त्याच क्षणी हेडफोनमधून आवाज आला. एक नाही, दोन नाही, नऊ जहाजांचा ताफा! आता तुम्हीच सांगा, असा ताफा काय रोज येतो? म्हटलं दोन मिनिटं. कान घट्ट झाकले, चाक फिरवलं. अंश दोनशे चाळीस, रेघ. दोनशे पस्तीस, रेघ. ताफा सरकत होता, माझी पेन्सिल पळत होती, पाय टेबलाखाली ताल धरत होते. किती वेळ गेला देव जाणे.

हेडफोन काढले तेव्हा नंदा समोर उभी होती. दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा पांढराफटक.

"कधी आलीस?"

"दहा मिनिटं हाका मारतेय! अहो, सोन्या कुठाय?"

मी पिंजऱ्याकडे पाहिलं. पिंजरा रिकामा. गॅलरीकडे पाहिलं. सरकतं दार हातभर उघडं! बंद करायचं राहूनच गेलं होतं.  खरं सांगतो, कंपनीत एकदा रात्रपाळीला गॅस सुटला होता, तेव्हासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. कारण तेव्हा सायरन वाजवला की काम झालं होतं. ताईसाठी कुठला सायरन वाजवायचा?

ऋताने सोफ्याखाली वाकून पाहिलं, नंदा कपाटावर बघायला लागली. दोघींना मी हटकलं. "घरात कशाला शोधताय? दार उघडं आहे! पक्षी आहे तो, चप्पल नाही! वेळ घालवू नका!" (हे वाक्य पुढचे सहा महिने आमच्या घरात रोज एकदा तरी म्हटलं गेलं. मी सोडून सगळ्यांनी म्हटलं.)

"मग शोधायचं कसं?" ऋता रडकुंडीला आलेली.

मी कंपासपेटी उचलली.

"आवाजावरून," मी म्हणालो. "सोन्या कुठेही असला तरी शिट्टी वाजवणारच. ऋता, तू आपल्या गच्चीवर जा. नंदा, तू समोरच्या इमारतीच्या गच्चीवर. मोबाइलमध्ये होकायंत्र आहे. शिट्टी ऐकू आली की त्या दिशेला तोंड करायचं आणि अंश सांगायचा. दोन दिशा मिळाल्या, मी दोन रेघा मारल्या, रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे सोन्या!"

"आणि तुम्ही?"

"मी पिंजरा आणि बाजरी घेऊन खाली. हुकूम आला की धरायला."

नंदा माझ्याकडे बघत राहिली. पण माणूस बुडायला लागला की कशालाही धरतो, तशी ती चप्पल घालून निघाली.

अडीच वाजता मोहीम सुरू झाली. तिघांचे फोन एकत्र जोडलेले. मी ऋताच्या परीक्षेच्या पॅडवर कॉलनीचा नकाशा काढून घेतला होता. पाणबुडीतला पहिला नियम मला पाठ होता, ऐकायचं असेल तर आपला आवाज बंद. म्हणून माझ्या फोनचा माइक मी बंदच ठेवला. माझ्या धापेने त्यांचं ऐकणं बिघडायला नको! आणि खाली उतरल्या उतरल्या, सोन्याला आपलं माणूस जवळ आहे हे कळावं म्हणून, मी भाऊजींची शिट्टी वाजवली. दोन आखूड, एक लांब.

"बाबा! ऐकू आली!" फोनमधून ऋता किंचाळली. "एकशे दहा!"

"मलापण आली! दोनशे सदुसष्ट!" नंदा.

 पॅड स्कूटरच्या सीटवर ठेवून रेघा मारल्या. रेघा एकमेकींना कापत होत्या आमच्याच गेटच्या थोड्या पुढे. म्हणजे माझ्यापासून वीस पावलांवर! धावलो. गुलमोहराखाली उभा राहून मान मोडेपर्यंत वर पाहिलं. कावळा होता. परत शिट्टी वाजवली.

"परत वाजली! एकशे अठरा!"

"दोनशे एकसष्ट! अहो, लवकर पळा, सरकतोय तो!"

रेघा मारल्या. आता तो गुलमोहराच्या पुढे, दूध डेअरीपाशी. मी डेअरीपाशी गेलो, शिट्टी वाजवली, तर तो डेअरीच्या पुढे, क्लासच्या बोर्डाशी. प्रत्येक वेळी चार पावलं पुढे! पण माझा जीव भांड्यात पडला होता, कारण पाठलाग मला येतो. तीन ठिपके जोडले, मधला वेळ बघितला, वेग काढला आणि माइक चालू करून जाहीर केलं, "लक्ष्य आग्नेयेला चाललंय! वेग ताशी तीन किलोमीटर!"

"तीन?" नंदाचा आवाज. "पक्षी चालतोय की काय?"

"आठ दिवस बंद होता. पंख आखडले असतील."

माइक बंद. पुढे. लक्ष्य मेडिकलच्या कोपऱ्यावर डावीकडे वळलं. मीही वळलो. शाळेच्या भिंतीपाशी ते पाच मिनिटं अजिबात हललं नाही. मी तिथेच लिंबूसोडा प्यायला थांबलो होतो, म्हणून गाठ चुकली नाही, केवढं नशीब! सोडावाल्याला विचारलं, "इथे एक पिवळ्या तुऱ्याचा पक्षी पाहिलात?" तो म्हणाला, "काका, ऊन बहोत है, एक और पियो."

चार वाजले. साडेचार झाले. घशाला कोरड पडली, शर्ट पाठीला चिकटला, पिंजऱ्याची कडी बोटांत रुतली. डोळ्यांसमोर सारखी ताई. ती आता गाडीत असेल, घड्याळ बघत असेल, सातच्या आत घरी पोचायचंय म्हणत असेल. मला थांबणं शक्यच नव्हतं. चाललो, शिट्टी, अंश, रेघ. चाललो, शिट्टी, अंश, रेघ.

आणि मग सगळ्या रेघा एका ठिकाणी आल्या. म्हात्र्यांचा बंगला.

म्हात्रे मूळचे इथलेच. आमच्या इमारती उभ्या राहिल्या त्या जमिनी एकेकाळी त्यांच्याच. त्या दिवशी त्यांच्या मुलाची हळद होती. अंगणात मांडव, माणसं दिवे लावतायत, आणि ओट्यावर वीस-पंचवीस बायका नटूनथटून बसलेल्या. ओट्याच्या मागे आंब्याचं मोठं झाड. मी फाटकाला खेटून उभा राहिलो, झाडाकडे म्हणजे बायकांच्या डोक्यावरून पाहिलं, आणि जोरात शिट्टी वाजवली.

ओट्यावरचं बोलणं थांबलं.

"एकशे बेचाळीस, बाबा! अगदी स्पष्ट!"

मी आणखी जोरात वाजवली. शेवटची लांबवली, वर चढवली, आणि पक्ष्याला दिसावी म्हणून मूठभर बाजरी त्या दिशेने उडवली.

एक बाई उठल्या. थोरल्या म्हात्रे वहिनी. कमरेला पदर खोचून सरळ फाटकावर आल्या.

"काय रं, कोनाला शिट्या मारतंस?"

"मी? नाही हो, मी सोन्याला..."

"सोन्या कोन? आमचे घरान कोन सोन्या नाय! डोक्याचं केस पांढरं झालं नं बायांना शिट्या मारतंय! वर दानं फेकतंय! कोंबड्या हायेत काय आमी?"

मांडवातली दोन माणसं हातात बांबू घेऊन पुढे सरकली. बांबू मांडवाचेच होते, पण त्या वेळी मला तसं वाटलं नाही.

"वहिनी, गैरसमज होतोय! पक्षी हरवलाय! हा बघा पिंजरा! तुमच्या झाडावर आहे. माझी मुलगी गच्चीवरून सांगतेय, विचारा तिला!" मी घाईघाईने माइक चालू केला, फोन मोठ्या आवाजावर टाकला. "ऋता, सांग ह्यांना! शिट्टी कुठून येतेय?"

"तिथूनच बाबा! तू आहेस तिथूनच! आत्ता दोनदा वाजली!"

वहिनींनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं पोरी," त्या फोनला म्हणाल्या, "दोनदा ना? त्या दोन्ही तुझे बापानंच मारल्या. आमी पंचवीस जनींनी बघितलंय!"

 मग ऋता अगदी हळू म्हणाली, "बाबा... तू शिट्टी वाजवतोयस?"

"मग? पक्ष्याला बोलवायला नको?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"अहो," नंदाचा आवाज आला. तिचा असा आवाज मी लग्नानंतर दुसऱ्यांदाच ऐकला. "दोन तास आम्ही उन्हात उभं राहून तुमचा पत्ता तुम्हालाच सांगतोय?"

मी पॅडकडे पाहिलं. गेट, गुलमोहर, डेअरी, मेडिकल, लिंबूसोडा. मोबाइलच्या होकायंत्राची चार पावलांची चूक सोडली, तर माझ्याच पावलांचा इतका अचूक नकाशा कुणी काढला नसेल. ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग पंचवीस बायका एकदम हसायला लागल्या. बांबूवालेही हसले. मला हसू येईना. दोन तास गेले होते आणि सोन्याचा एकही आवाज कुणीच ऐकला नव्हता.

तेवढ्यात स्टेशनवरून आमच्या घराकडे निघालेली एक रिक्षा माझ्या मागे कचकन थांबली. रिक्षातून ताई उतरली. पिशवी आतच राहिली होती, पदर खांद्यावरून घसरला होता. ती मला बघतच नव्हती. माझ्या मागे, झाडाकडे, रस्त्याकडे, भलतीकडेच बघत होती.

"आत्ता शिट्टी कोणी वाजवली?"



"ताई, मी," मी म्हणालो.

तिचे डोळे भरले. "वेडी मी. मला वाटलं, हे आले."

मला माझ्या सगळ्या जहाजांची, रेघांची, त्या मेल्या हेडफोनची अशी लाज वाटली म्हणून सांगू! तिथेच, म्हात्र्यांच्या फाटकात, पंचवीस बायकांसमोर मी सांगून टाकलं. "ताई, सोन्या गेला. दार माझ्या हातून उघडं राहिलं. मी खेळत बसलो होतो."

 म्हात्रे वहिनींनी तिला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मांडवातल्या माणसांकडे वळून ओरडल्या, "बांबू खाली ठेवा नं पक्षी बघा रं समदे!" माझ्याकडे बघून मात्र म्हणाल्या, "तू नको शोधूस. तू बस."

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितल्याबरोबर बसलो. दहा मिनिटांनी फोन वाजला. नंदा.

"घरी या."

"काय झालं?"

"मी पाणी प्यायला घरी आले. तुमच्या खुर्चीच्या मागचा पडदा सरकवला. तुम्ही म्हणालात ना, घरात शोधू नका म्हणून? पडद्याच्या वरच्या चुणीत बसलाय. दुपारपासून."

पाणबुडीला चारी दिशा ऐकू येतात, फक्त पाठीमागचं ऐकू येत नाही, कारण तिथे तिचा स्वतःचाच पंखा घरघरत असतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीनदा अधोरेखित करून लिहिलंही होतं. ते ताईला समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि नंदाने डोळे वटारले, म्हणून मिटलं.

ताईने सोन्याला छातीशी धरलं, पाठीवरून बोट फिरवलं, आणि त्याच रिक्षाने त्याला घेऊन उल्हासनगरला गेली. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. आवाज बारीक. "सुधीर, हा शिट्टी वाजवत नाही रे. सात वाजतात, गप्प बसून राहतो. डॉक्टर म्हणतात घाबरलाय, परत शिकवा. पण मला शिट्टी येत नाही. मुलाला पण येत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "तुला येते."

तेव्हापासून रोज सातला मी फोन लावायला लागलो. ताई मोबाइल पिंजऱ्याला टेकवून धरायची आणि मी कात्रपच्या गॅलरीत उभा राहून, घसा खाकरून, शिट्टी वाजवायचो. दोन आखूड, एक लांब. दहा-दहा वेळा. पहिल्या आठवड्यात समोरच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांनी आपल्या मुली गॅलरीत पाठवणं बंद केलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने "सर, घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं. मी हटलो नाही. एवढं चिकाटीचं काम मी कंपनीतही केलं नव्हतं. जहाजं बिनधास्त येत-जात होती, मी तिकडे फिरकलोही नाही.

एकविसाव्या दिवशी, सात वाजून दोन मिनिटांनी, मी फोन लावायच्या आधीच ताईचा आला. ती रडत होती आणि हसत होती. मागे गॅसवर पातेल्याचा आवाज.

"वाजवली रे! आत्ता, आपणहून! अगदी ह्यांची! हुबेहूब ह्यांची!"

मी फोन कानाला घट्ट दाबला. "ताई, ऐकव ना."

तिने फोन पिंजऱ्याला टेकवला.  आणि उल्हासनगरहून, स्पष्ट, खणखणीत, सोन्याचा आवाज आला. आधी घसा साफ करणं, ते खर्रर्र-खॅक्, मग एक खोकला, मग "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का गं?" आणि मग, दोन आखूड, एक लांब, भाऊजींची शिट्टी.

"शिट्टी ह्यांचीच आहे," ताई म्हणाली. "पण आता रोज ती ऐकायला आधी तू सोसावा लागतोस."